आपली वाटी आधी काढून ठेवा

(भात-पोळी कमी करून वजन उतरवण्याविषयी थोडं हिशेबाचं, थोडं अनुभवाचं)

वजन कमी करायचं एकदाही ठरवलं नाही, अशी संसारी बाई शोधून सापडायची नाही. कुणी संक्रांत झाली की ठरवते, कुणी मुलांच्या परीक्षा आटोपल्या की, तर कुणी भाचीच्या लग्नासाठी काढलेला ब्लाउज दंडातून वर चढेना की! ठरवणं सोपं असतं. पहिले आठ दिवस तर उत्साहातच निघून जातात. मग घरी पाहुणे येतात, एकादशी येते, मुलाच्या डब्यातला शिरा तसाच परत येतो, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी 'जाऊ दे, आपल्याच्यानं नाही व्हायचं' म्हणून आपण तो नाद सोडून देतो.

सध्या ज्याचा फार बोलबाला आहे तो आहार म्हणजे 'लो-कार्ब'. साध्या मराठीत सांगायचं तर पिष्टमय आणि गोड पदार्थ कमी करायचे आणि त्यांच्या जागी डाळी-उसळी, दही-पनीर, अंडी, मासे आणि भरपूर भाज्या खायच्या. ऐकायला किती सोपं! पण आपलं जेवण उभंच मुळी भात आणि पोळी या दोन खांबांवर. तेव्हा हा आहार आपल्या स्वयंपाकघरात बसवावा कसा आणि मुख्य म्हणजे टिकवावा कसा, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी आहारतज्ज्ञ नव्हे. सकाळी तीन तास शाळेत शिकवते आणि उरलेला वेळ घर सांभाळते. माझ्या आईला बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. तिच्या दोघी बहिणींनाही आहे. गेल्या वर्षी माझं वजन ७१ किलो भरलं आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी 'एचबीएवनसी' ही तपासणी ६.१ आली. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असं समजतात. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्यात गोळी नको. पण आता ताटाकडे नीट बघायला लागा." तेव्हापासून दहा महिने मी ताटाकडे बघते आहे आणि जे दिसलं ते वहीत लिहिते आहे.

प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही

'आयसीएमआर' ही आपली वैद्यकीय संशोधनाची मध्यवर्ती संस्था. तिच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे आपल्या चाळीत, सोसायटीत, शिक्षकांच्या खोलीत असे कितीजण असतील, विचार करा!

आपण लठ्ठ आहोत की नाही हे आरशाला विचारू नये, टेपला विचारावं. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला की सावध व्हायचं. उंची ५ फूट २ इंच असेल तर ५७ किलोपर्यंतचं वजन ठीक. ६२ च्या वर गेलं की आपल्या डॉक्टरांच्या मोजमापात तो लठ्ठपणाच. युरोप-अमेरिकेतल्या माणसांसाठी ही मर्यादा थोडी सैल आहे. पण आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि मधुमेहही कमी वजनावरच गाठतो, म्हणून आपल्यासाठी ती कडक.

याच पाहणीतली खाण्यापिण्याची माहिती २०२५ साली प्रसिद्ध झाली. भारतीय माणूस दिवसभराच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के नुसत्या पिष्ट आणि साखरेतून मिळवतो, असं तीत दिसलं. प्रथिनांचा वाटा अगदीच तोकडा. यातले ५ टक्के जरी पिष्टाकडून प्रथिनांकडे वळवले तरी मधुमेहाचा धोका कमी होतो, असंही संशोधकांनी म्हटलं आहे. आणि गंमत म्हणजे, तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य एवढाच बदल केला आणि पिष्ट तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही!

हे खूळ आजचं नाही

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा व्यवसाय करत. वय ६६, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. त्यांच्या डॉक्टरांनी ब्रेड, साखर, बटाटे आणि बिअर बंद करायला सांगितली. वर्षभरात त्यांचं वजन ४६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २१ किलोंनी उतरलं. १८६३ साली त्यांनी ही हकिगत छापली आणि ती इतकी गाजली की आहार पाळण्याला इंग्रजीत काही काळ त्यांच्याच नावानं ओळखू लागले. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक निघालं आणि या पद्धतीची पुन्हा लाट आली.

मग ही पद्धत बाकीच्यांपेक्षा सरस आहे का? २००८ मध्ये इस्रायलमधल्या ३२२ लोकांवरचा दोन वर्षांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तेल-तूप कमी करणाऱ्यांचं वजन सरासरी २.९ किलोंनी उतरलं आणि पिष्ट कमी करणाऱ्यांचं ४.७ किलोंनी. पण २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ लोकांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत आले. एकाचं वजन ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. तेव्हा मैत्रिणींनो, यात जादू काही नाही. डाळी, अंडी, पनीर, भाज्या यांनी पोट लवकर भरतं, ते बराच वेळ भरलेलं राहतं आणि एकूण खाणं आपोआप कमी होतं. जी पद्धत आपल्या घरात वर्षभर टिकेल तीच आपल्यासाठी चांगली. सारी मेख टिकण्यात आहे.

आपल्या ताटाचा हिशेब

किराण्याचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, मग हाही एकदा करून बघू. शंभर ग्रॅम कच्च्या धान्यात पिष्ट किती असतं बघा: तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, कणकेत ६४, ज्वारीत ६८, नाचणीत ६७ आणि साबुदाण्यात तब्बल ८७-८८! 'पोळी सोडून भाकरी खाते' म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. भाकरीत चोथा जास्त, ती पोटाला चांगली आणि खाल्ल्याचं समाधानही देते. पण ती कमी पिष्टाची मुळीच नाही.

आता एका सर्वसाधारण दिवसाची बेरीज. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा, ३९ ग्रॅम. बशीभर पोहे, ४५. दुपारी तीन पोळ्या, ५४. वाटीभर भात ३०, बटाट्याची भाजी २०, पातळ आमटी ८. संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटं, २०. रात्री दोन पोळ्या ३६, पुन्हा वाटीभर भात ३० आणि आमटी ८. एकूण झाले २९०. यात लाडू नाही, जिलबी नाही, सरबत नाही. अगदी साधा, सात्त्विक म्हणावा असा दिवस!

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहिलं की त्याला कमी पिष्टाचा आहार म्हणतात. 'कीटो' म्हणून जो ऐकतो तो याहून कितीतरी कडक. त्यात दिवसाला जेमतेम २० ते ५० ग्रॅम. म्हणजे दोन पोळ्या खाल्ल्या की दिवस संपला! तो घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला न गेलेलाच बरा आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय तर नकोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर माहीत आहे. तिचा मुख्य भर कधी आणि किती वेळा खायचं यावर आहे. आपण इथे ताटात काय वाढायचं ते बघतो आहोत.

शेवटची पंगत

आता मी जे सांगणार आहे ते आहाराच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

वहीत लिहायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं, की आमच्या घरात चौघांचं जेवण एकच असलं तरी चौघांचं ताट एक नव्हतं. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्या की घरातली बाई शेवटी बसते. तोवर मटकीच्या उसळीचं पातेलं तळाला गेलेलं असतं. अंडी मोजून चार, ती मुलांना आणि ह्यांना. कोशिंबीर संपलेली, कारण ती चांगली झालेली असते! उरतं काय? दोन-तीन पोळ्या, भाताचा गोळा, आमटीचं पाणी आणि भाजीचा रस्सा. वर 'वाया कशाला घालवायचं' म्हणून धाकट्याच्या ताटातला दहीभात. घरात प्रथिनं शिजतात, पण ती शिजवणारीच्या ताटात पिष्टच उरतं. मग तिचं वजन वाढतं आणि सगळे म्हणतात, 'दिवसभर घरीच असते ना, खात असेल काहीतरी!'

म्हणून या आहाराचा पहिला नियम तांदळाचा नाही आणि साखरेचाही नाही. पहिला नियम हा: पानं वाढायच्या आधी आपली उसळीची, वरणाची किंवा आमटीतल्या फोडींची एक वाटी बाजूला काढून ठेवायची. झाकण घालून, ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. लाजायचं नाही. चार जणांसाठी अर्धा पेला मटकी भिजवत असाल तर पाऊण पेला भिजवा. पाच-दहा रुपयांचा प्रश्न आहे, औषधांपेक्षा स्वस्तच. जमेल तेव्हा सगळ्यांबरोबर बसा. पोळ्या आधी करून डब्यात घातल्या तर आकाश कोसळत नाही.

दुसरा नियम उरलेल्याचा. आपलं पोट म्हणजे फ्रीज नव्हे. जेवणं झाली की उरलेला भात लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये टाका, सकाळी मुलांना फोडणीचा भात होईल. रोजच भात उरत असेल तर तांदळाचं माप कमी करा. मी मापट्यातले दोन घास तांदूळ कमी केले, घरात कुणाला कळलंसुद्धा नाही!

सुरुवात हळूहळू

एकाच सोमवारी सगळं सोडायला जाऊ नये. महिन्याची योजना करावी.

पहिला आठवडा साखरेचा. चहातली साखर दोन चमच्यांवरून एक, मग अर्धा, मग बंद. आलं किंवा गवती चहा घातला तर साखर कमी झालेली फारशी कळत नाही. बिस्किटं, खारी, टोस्ट बंद. सरबतं आणि बाटलीतली थंड पेयं तर नावालासुद्धा नकोत.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात थांबवायचा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटतं तरी का?" मी म्हटलं, "आई, दुपारचा सोडलेला नाही, रात्रीचाच." त्यांचं समाधान झालं आणि घरातली शांतताही टिकली. दुपारचाही भात अर्ध्या वाटीवर आणला तर उत्तम, मात्र मग त्या जेवणात पोळी एकच.

तिसरा आठवडा पोळ्यांचा. दुपारी एक, रात्री एक. पण नुसती पोळी कमी करून भागत नाही, भूक लागते आणि चारच्या सुमाराला हात डब्याकडे जातो. पोळी कमी केली त्याच दिवशी उसळीची वाटी भरगच्च आणि भाजीच्या दोन वाट्या झाल्या पाहिजेत.

चौथ्या आठवड्यात न्याहरी बदलायची. पोहे, उपमा, साबुदाणा यांऐवजी मोड आलेल्या मुगाचं धिरडं, अंड्याचं ऑम्लेट, पनीरची भुर्जी किंवा दह्याबरोबर मोडाची उसळ. घरच्यांसाठी पोहे जरूर करा. आपल्यासाठी धिरड्याचं पीठ आदल्या रात्री वाटून ठेवलं की पाच मिनिटांचं काम.

दिवसभर काय खावं?

माझ्या वहीतला एक बरा दिवस असा आहे:

सकाळी – बिनसाखरेचा चहा. दोन अंड्यांचं कांदा-कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट किंवा मुगाचं एक मोठं धिरडं आणि हिरवी चटणी.

दुपारी – एक पोळी, मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ एक वाटी, मेथी, शेपू, चवळई किंवा अंबाडीची पालेभाजी दोन वाट्या, काकडी-टोमॅटोची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि पेलाभर ताक.

संध्याकाळी – बिनसाखरेचा चहा आणि मूठभर भाजलेले दाणे.

रात्री – एक पोळी, घट्ट वरण वाटीभर, दुधी, पडवळ, कोबी, वांगी किंवा फरसबीची भाजी आणि वाटीभर दही. घरात चालत असेल तर वरणाऐवजी मासे किंवा कोंबडी. नाहीतर पन्नास ग्रॅम पनीर.

या दिवसाची बेरीज ११५ ते १३५ च्या दरम्यान येते. २९० होती, ती निम्म्याच्या आत आली की नाही? आणि प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या वर जातात. साठ किलोच्या बाईला रोज सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांतही धान्यांतून मिळणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असंच म्हटलं आहे. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही.

फळांमध्ये पेरू, पपई, संत्रं चालतं, दिवसाला एक. केळ्यात पिष्ट आणि साखर मिळून सुमारे पंचवीस ग्रॅम असतात, ते अर्धं. आंब्याच्या दिवसांत आंबा खाऊच नये असं सांगणं निर्दयपणाचं होईल. जेवणानंतर हापूसची एखादी फोड खावी. आमरस आणि पुऱ्या मात्र एका ताटात नकोत.

एक सावधगिरी. पिष्ट कमी म्हणजे तेल-तूप कितीही, असा काहींचा समज होतो. चमचाभर तेलात ४५ उष्मांक असतात आणि मूठभर दाण्यांत दीडशेच्या वर. मूठ म्हणजे मूठ, ओंजळ नव्हे! बाजारात 'कीटो' आणि 'शुगर-फ्री' म्हणून महागडी पिठं आणि बिस्किटं मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. डाळी, दाणे, सोयाबीन आणि अंडी आपल्या खिशाला परवडतात आणि काम तेच करतात.

पहिला पंधरवडा

सुरुवातीच्या आठवड्यात वजन एक-दोन किलोंनी झपकन उतरतं आणि आपण हरखून जातो. ते बहुतेक पाणी असतं. शरीरात पिष्टाचा जो साठा असतो तो आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतो. साठा संपला की ते पाणी निघून जातं. तेव्हा हुरळूही नये आणि पुढे वेग मंदावला म्हणून खट्टूही होऊ नये. नंतर आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी ते उत्तम.

पाण्याबरोबर मीठही जातं. म्हणून काहींना डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं, चिडचिड होते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास नाही त्यांनी चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्यावं. पोट साफ होत नसेल तर पालेभाज्या आणि पाणी वाढवावं. चार-सहा दिवसांत हे सगळं बहुधा निवळतं. निवळलं नाही तर डॉक्टरांना विचारावं.

उपास, सण आणि पाहुणे

आपल्या उपासात उपाशी कुणी राहत नाही! बशीभर साबुदाण्याची खिचडी, तीत बटाटा आणि साखर, म्हणजे साठ ग्रॅम पिष्ट. वर रताळ्याचा कीस. भगरीची गोष्टही फार वेगळी नाही. उपास सोडायची गरज नाही, पदार्थ बदलावे. दाण्याची आमटी, दही, ताक, काकडीची कोशिंबीर, ओलं खोबरं, थोडे बदाम, राजगिऱ्याचं एखादं लहान थालीपीठ, असं ज्यांच्या घरी जे चालतं ते घ्यावं. चतुर्थीला मी आता दाण्याची आमटी भाताशिवाय, सरळ वाटीतून पिते.

सणाच्या दिवशी पुरणपोळी खावी. एक, तुपासह, आनंदानं. त्या जेवणात भात आणि कुरडया मात्र सोडाव्या. सण एका दिवसाचा असतो, पण सणाचं उरलेलं चार दिवस पुरतं, आणि खरा धोका तिथे असतो. पुरण उरलं की शेजारी वाटा, कामाला येणाऱ्या मावशींना डबा भरून द्या. दिवाळीचा फराळ मोजकाच करा आणि डबे वरच्या फळीवर ठेवा.

हळदीकुंकवाला किंवा भिशीला गेलं की 'अगं घे गं, एकानं काय होतंय' हे ऐकावं लागतंच. तिथे आहाराचं व्याख्यान देऊ नये. बशीतली चकली किंवा ढोकळा थोडा खावा, लाडू पदराखाली... म्हणजे पिशवीत घालून मुलांसाठी न्यावा. यजमानीणबाई खूश आणि आपणही.

वजन अडलं तर

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा हलेनासा होतो. माझा सात आठवडे ६५ वर अडून बसला होता. तेव्हा कमरेचा घेर मोजला, तर तो मात्र दीड इंचानं उतरला होता. म्हणून आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी सकाळी वजन करावं आणि महिन्यातून एकदा टेप लावावा. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगावर पाणी साठतं, तेव्हाचं वजन खरं धरू नये.

वजन अडलं की तीन गोष्टी तपासाव्या. चाखता चाखता किती पोटात जातं? दाण्यांची मूठ मोठी झाली का? झोप पुरेशी होते का? आणि चालणं हवंच. रोज अर्धा तास भरभर चालावं, आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलून व्यायाम करावा. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आज माझं वजन ६३ किलो आहे आणि एचबीएवनसी ५.६. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, पण उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आले आहे खरी.

कुणी स्वतःच्या मनानं करू नये?

हे फार महत्त्वाचं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्यासाठी हा आहार करू नये. ज्या मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी भात-पोळी अचानक कमी केली तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण ठरवून घ्यावं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांच्या औषधी नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा असतो. त्या घेताना पिष्ट फार कमी केलं तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रमाणही वजन उतरल्यावर बदलावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारायलाच हवं. पित्ताशयात खडे असतील तरीही. बाकीच्यांनी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं, कारण काहींचं कोलेस्टेरॉल या आहारात वाढतं. आणि वाढत्या वयाच्या मुलांना आपल्या आहारात ओढू नका. त्यांची साखर आणि बिस्किटं कमी करा, पोळी-भात खुशाल खाऊ द्या.

शेवटी एवढंच सांगते. या आहारासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही, महाग वस्तू आणाव्या लागत नाहीत. ज्या पातेल्यात घरचं शिजतं त्यातूनच आपलं ताट वाढायचं, फक्त डावी-उजवी बाजू भरगच्च आणि मधला भात-पोळीचा भाग आखडता. घरात चौघांच्या आवडीनिवडी आपल्याला तोंडपाठ असतात. कुणाला तिखट कमी, कुणाला साय नको, कुणाला पोळीचे पापुद्रे सुटलेले हवेत. त्या यादीत आपलं नाव घालायला कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्री मटकी भिजत घालाल तेव्हा एक मूठ जास्त घाला. ती तुमची.